पांढऱ्या शेपटीचा चमर

कार्तिक वद्य तृतीया. सकाळपासून वारा पडलेला, आकाश धुतल्यासारखे स्वच्छ. उत्तरेच्या शिखरामागे मात्र कापसाच्या पेळूएवढा एक ढग होता.

पूर्वी शोणनगरात सुदंत राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व हिमालयातल्या उंच कुरणांवर चमराच्या जन्माला आले होते. त्या जन्मातल्या या एका दिवसाची ही हकीकत. चमर म्हणजे बर्फाच्या प्रदेशातला केसाळ रानबैल. त्याच्या अंगावरचे केस गुडघ्यांपर्यंत लोंबतात आणि शेपटीला भरघोस गोंडा असतो. बोधिसत्त्वांचे अंग काळेभोर होते, गोंडा मात्र दुधासारखा पांढरा. कळपात तसा दुसरा नव्हता. चमरांना आपल्या शेपटीचा फार अभिमान. गोंडा काटेरी झुडपात अडकला तर ओढून घ्यायचा नाही, एक केसही तुटू द्यायचा नाही, आपोआप सुटेपर्यंत तिथेच उभे राहायचे, अशी त्यांची पिढ्यानपिढ्यांची रीत होती. ज्याचा गोंडा तुटला तो कळपाच्या पुढे चालू शकत नसे. बोधिसत्त्व कळपाच्या पुढे चालत.

त्या कुरणांच्याही वर, झाडांची शेवटची ओळ संपल्यावर, कड्याला बिलगून एक विहार होता. खालून पाहणाऱ्याला तो कधी दिसे, कधी दिसत नसे. त्याच्या भिंती ढगांच्याच रंगाच्या होत्या, आणि ढग सरकले की विहारच सरकल्यासारखा वाटे. तिथे पूर्वीच्या एका बुद्धांचे मातीचे भिक्षापात्र जपून ठेवले होते. त्या पात्रावर अखंड चवरी ढाळली जाई. वर येणारा प्रत्येक यात्रेकरू आपली चवरी बरोबर आणी, आपली पाळी आली की पात्राला वारा घाली आणि मनातली एक गोष्ट त्या वाऱ्याबरोबर सोडून देई.

त्या सकाळी विहाराखालच्या खिंडीत एका खडकाआड कुंदक नावाचा माणूस दबा धरून बसला होता. त्याच्या कमरेला वाकडी सुरी होती.

कुंदक शोणनगरातला चवऱ्या बांधणारा. राजवाड्यातल्या, चैत्यांतल्या, लग्नाच्या मांडवांतल्या चवऱ्या त्याच्या हातून गेलेल्या. व्यापारी उत्तरेकडच्या दूरदूरच्या कळपांतले फिकट गोंडे आणत, पण ते नगरात पोचेपर्यंत पिवळे पडलेले असत. मग त्यांना गंधकाची धुरी द्यायची, धुवायचे, विंचरायचे आणि लाकडी मुठीत बसवायचे. पहिला उन्हाळा सरला की ते पुन्हा पिवळे पडत. हे कुंदकाला माहीत होते, गिऱ्हाइकालाही माहीत होते. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

भाद्रपदात त्याची बायको सोमिला तापाने पडली. वैद्य झाले, काढे झाले, ताप हटेना. दुपार कलली की तिचे अंग भाजायला लागे आणि सकाळी ती ओल्या कापडासारखी पडून असे. एका सकाळी ती म्हणाली, "अहो, जन्मभर दुसऱ्यांच्या हातात चवऱ्या दिल्यात. एकदा आपल्या हाताने त्या वरच्या पात्रावर ढाळून या ना."

"तुला अशी टाकून जाऊ?"

"धाकटी आहे की माझ्यापाशी. आणि तुम्ही इथे बसून तरी काय करता? माझ्या तोंडाकडे बघत उसासे सोडता. त्यानं मला डोळा लागत नाही."

सोमिलाची धाकटी बहीण चुलीपाशी होती. ती खुदकन हसली. कुंदकालाही हसू आले. पण त्या हसण्यातच त्याला रडू फुटायला आले, म्हणून त्याने घाईने ओंजळीत पाणी घेतले आणि मोठ्याने बोलून टाकले, "नेईन ती पांढरी नेईन. धुरी दिलेली नाही. जिवंत चमराची, शेंड्याच्या हाडासकट एका घावात उतरवलेली. तशी चवरी मी त्या पात्रावर ढाळली की तू बरी होशील."

"कुठलीही न्या की," सोमिला म्हणाली. "पात्राला काय कळतंय?"

पण नवस बोलून झाला होता. सुट्या केसांची चवरी वर्षभरात झडते. हाडासकट कापलेला गोंडा पिढ्यान् पिढ्या टिकतो. कुंदक कारागीर होता, आणि देवाधर्माच्या दारातही त्याला कारागिराचाच विचार सुचला. त्या सकाळपासून त्याच्या मनात दोन गोष्टींची गाठ बसली. पांढरा गोंडा मिळाला तर सोमिला राहील, नाही मिळाला तर जाईल. वाटेने चालताना तो ही गाठ सारखी चाचपत असे. ती सुटत नव्हती.

डोंगरातल्या शेवटच्या वस्तीत पिंगा नावाची एक म्हातारी मेंढ्या राखत असे. येणाऱ्या यात्रेकरूला ती कढत पेज देई आणि त्याबरोबर चार शब्दही ऐकवी.

"चवरी ढाळायला निघालास?" तिने विचारले. "मला एक सांग बाळा. वर माशी नाही, चिलट नाही, वारा तर असा की माणूस उडून जाईल. मग त्या भांड्याला वारा कसला घालता?"

"रीत आहे आजी."

"असेल बाबा. पण तुझी चवरी कुठाय?"

कुंदकाने पेजेचा वाडगा तोंडाला लावला. म्हातारीने त्याच्या कमरेची सुरी पाहिली, पाठीवरचा काटेरी फांद्यांचा भारा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"तो पांढऱ्या शेपटीचा होय?" ती म्हणाली. "लहानपणी मी त्याचा बाप पाहिला होता. काळाच होता, शेपूटही काळीच. हा असा एकच निपजला. तू त्याचं शेपूट घेतलंस तर तो जगायचा नाही रे. या थंडीत रक्त गेलेलं जनावर उठत नाही."

"माझी बायकोही उठत नाही, आजी."

म्हातारीने त्याच्या वाडग्यात आणखी थोडी पेज ओतली.

विहाराखालच्या कळपात पांढऱ्या शेपटीचा एक चमर आहे हे, आणि चमराला धरण्याची एक जुनी युक्तीही, कुंदकाने गोंडे आणणाऱ्या व्यापाऱ्यांकडून ऐकलेली होती. चमराच्या मागे धावायचे नाही. अरुंद वाटेवर दोन्ही बाजूंना काटेरी फांद्या रोवायच्या आणि लांब बसून राहायचे. चमर येतो, गोंडा काट्यात अडकतो, आणि तो आपल्या अभिमानापायी उभा राहतो. मग निवांत जवळ जायचे. तो पळत नाही. कुंदकाने खिंडीतल्या वाटेवर काटे रोवले होते, आणि म्हणूनच तो खडकाआड बसला होता.

ऊन वर आले तेव्हा कळप खिंडीकडे वळला. पुढे बोधिसत्त्व होते. ते सावकाश चालत होते. खुराखालचा बर्फ करकरत होता, आणि त्यांच्यामागे तो पांढरा गोंडा कोणीतरी चवरी ढाळत चालल्यासारखा डावी-उजवीकडे हलत होता. कुंदकाच्या हातांना नकळत त्याचे वजन जाणवले. इतकी वर्षे तो धुरी देऊन जो रंग बनवायला पाहत होता, तो हा होता.

काट्यांशी येताच गोंडा अडकला. बोधिसत्त्व थांबले. एकदा मान वळवून त्यांनी मागे पाहिले, आणि उभे राहिले. कळप काटे टाळून वरच्या अंगाने पुढे निघून गेला. चमरांची रीत चमरांना ठाऊक होती. अडकलेल्यासाठी कोणी थांबत नसे.

कुंदक उठला. मधल्या उतारावर मऊ बर्फ होता. तो तिरपा चालत निघाला. अर्ध्या वाटेवर असताना त्याला वाटले, उन्हाचा रंग बदलला. त्याने वर पाहिले. सकाळचा तो पेळूएवढा ढग शिखरावरून उतरून खिंडीत आला होता, आणि येताना त्याने सगळे डोंगर गिळले होते. चमर दिसेनासा झाला. मग खडक दिसेनासा झाला. मग कुंदकाला स्वतःची पावलेही दिसेनाशी झाली. बर्फ पडू लागला, पण पडतोय असे वाटेना. जणू सगळे जगच हळूहळू वर चालले होते आणि तो एकटा खाली राहिला होता.

तो उभाच राहिला असता तर कदाचित ठीक झाले असते. पण गोंडा इतका जवळ होता. त्याने अंदाजाने पाऊल टाकले, पायाखालचा बर्फ सरकला आणि तो उताराने घसरत गेला. एका दगडाला पाय अडकून थांबला तेव्हा त्याला कळेना, वर कुठे आणि खाली कुठे. त्याने उठायचा प्रयत्न केला, पुन्हा घसरला. गार पडत चाललेल्या अंगाला झोप येऊ लागली. ती झोप गोड होती. त्या झोपेत सोमिला दाराशी उभी राहून त्याला हाका मारीत होती, आणि तो तिला उत्तर म्हणून तिचेच नाव घेत होता. "सोमिले! सोमिले!"

बोधिसत्त्व काट्यात उभे होते. त्यांनी ती हाक ऐकली. माणसाची भाषा त्यांना कळत होती. पहाटे खडकाआड कोण बसले आहे आणि कशासाठी, हेही त्यांना वासावरून कळले होते. अडकल्यापासून ते स्वस्थ उभे होते. कुरणांवरचे वारे आजवर जसे आले आणि गेले, तसा सुरीवाला माणूसही येईल, असे त्यांनी मनाशी धरले होते. पण आता सुरीवाला येत नव्हता. नुसती हाक येत होती, आणि दर वेळी ती आधीपेक्षा बारीक होत होती.

बोधिसत्त्वांच्या मनात आले, 'मी कशासाठी उभा आहे? केसांसाठी. आणि तिकडे एक जीव विझतो आहे.'

ढगात एक आवाज झाला. जाडे कापड फाडावे तसा. आणि पुन्हा एकदा.

कुंदकाला तो आवाज झोपेत ऐकू आला. मग त्याच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखे झाले. ते ऊन ओले होते आणि त्याला गवताचा वास होता. त्याने डोळे उघडले. पांढऱ्या धुक्यात एक काळे तोंड त्याच्यावर वाकले होते.

"ऊठ," तोंड म्हणाले. किंवा कुंदकाला तसे वाटले.

"मला उठता येत नाही."

"उठू नकोस मग. धर."

चमराने वळून आपली शेपटी त्याच्या हातांवर ठेवली. गोंडा अर्धा उरला होता. तुटल्या जागी कातडी सोलून लाल झाली होती. कुंदकाने दोन्ही मुठींनी तो धरला. जगात कोणी माणसाने जिवंत चमराची शेपटी त्याच्या राजीखुशीने धरली नव्हती. हे कुंदकाइतके कोणाला ठाऊक असणार? पण त्या घटकेला त्याला एवढेच कळले की हातात काहीतरी घट्ट आहे आणि ते त्याला वर ओढते आहे.

ते चालू लागले. चमर एकेक खूर रोवून पुढे सरके आणि माणूस त्याच्यामागे फरफटत, मग गुडघ्यांवर, मग पायांवर. आजूबाजूला काहीच नव्हते. आवाज नाही, दिशा नाही. कुंदकाला मधेच वाटे, आपण चालतच नाही, पांढऱ्या पाण्यात तरंगतो आहोत. मधेच वाटे, आपण लहान आहोत आणि आईच्या पदराचे टोक धरून जत्रेतून चाललो आहोत. पदर सुटला तर आपण हरवू, एवढेच त्या मुलाला माहीत होते.

"तू का आलास?" त्याने विचारले.

"तू हाक मारलीस."

"मी तुला नव्हती मारली."

"ते मला कळलं," चमर म्हणाला. "पण ज्याला मारलीस त्याला ऐकू जाणार नव्हती. मी जवळ होतो."

पुष्कळ वेळ गेला, किंवा थोडाच गेला असेल. मग ढगातून एक घंटा वाजली. जाड, संथ, काशाची. ती वाजली, थांबली आणि पुन्हा वाजली. विहारात ढग उतरला की वाट चुकलेल्यांसाठी ती घंटा वाजवीत. कुंदक जगला होता. आवाजाच्या रोखाने चालत गेले की दार होते.

आणि तेव्हाच त्याला आठवले की आपल्या कमरेला सुरी आहे.

त्याच्या मुठीत शेपटी होती. उरलेला गोंडाही चवरीला पुरेसा होता. पांढरा, धुरी न दिलेला, जिवंत. समोर पात्र होते. नगरात सोमिला होती. दुपार कलली असणार, आणि तिचे अंग आता भाजायला लागले असेल. आता त्याला या जनावराची गरज उरली नव्हती. हा विचार इतका साधा आणि स्वच्छ होता की त्याला स्वतःचीच भीती वाटली.

चमर थांबला होता.

"इथून तुला वाट सापडेल," तो म्हणाला. "घंटेच्या दिशेने जा. तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. घ्यायची असेल तर घे, मी उभा आहे. फक्त एक कर. कापताना माझ्या डाव्या अंगाला येऊ नकोस. तिकडे बर्फाखाली जमीन नाही, नुसता कडा आहे. उजवीकडे उभा राहा आणि पाय घट्ट रोव. घाव घालताना माणसाचा तोल जातो."

कुंदकाने सुरीकडे हात न्यायचा की नाही, हे त्याला ठरवावेच लागले नाही, कारण त्या शब्दांनंतर त्याच्या मनातली गाठ आपोआप ढिली झाली. एका बाजूला सोमिला होती, दुसऱ्या बाजूला गोंडा. इतके दिवस घट्ट बसलेली ती दोन टोके आता निरनिराळी पडली होती. सोमिला आजारी होती. चमर जिवंत होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

तो शेपटी सोडायला गेला. पण त्याची बोटे उघडेनात.

थंडीने मुठी गोठून लाकडाच्या झाल्या होत्या. त्याने ओढून पाहिले, दातांनी बोटे उकलू पाहिली. "सुटत नाही," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडू लागला. "मी सोडतोय. खरंच सोडतोय. पण सुटत नाही."

"रडू नकोस, डोळे गोठतील," चमर म्हणाला.

चमराने मान मागे वळवली, जितकी वळत होती तितकी, आणि त्याच्या मुठींवर श्वास सोडला. पुन्हा सोडला. तिथे दोघे तसेच उभे राहिले, माणूस वाकलेला, जनावर वळलेले, आणि मधे तो उबदार श्वास. घंटा वाजत होती. हळूहळू एक बोट हलले. मग दुसरे. शेवटी दोन्ही तळवे उघडले आणि पांढरा गोंडा त्यांतून निसटून खाली लोंबला.

कुंदकाने कमरेची सुरी काढली आणि डाव्या अंगाला, जिथे जमीन नव्हती तिथे फेकली. ती कुठे पडल्याचा आवाज आला नाही. मग त्याने चमराच्या पुढच्या खुरांवर कपाळ टेकवले. वर पाहिले तेव्हा तिथे नुसता ढग होता.

विहाराचे दार उघडे होते. घंटा वाजवणारे वृद्ध स्थविर आत्मगुप्त यांनी त्याला आत ओढले, चुलीपाशी बसवले आणि त्याच्या हातांना लोणी चोळले.

"या ढगात वर कसा आलास, उपासका? आम्हाला समोरची भिंत दिसत नाही."

"धरून आलो, भन्ते."

"काय धरून?"

कुंदकाने सांगितले. स्थविरांचा हात लोणी चोळता चोळता थांबला.

"त्यानं तुला शेपूट धरू दिलं? अरे, आम्ही इथे म्हातारे झालो. मीठ ठेवतो ते खातो, पण पाठीवर हात ठेवू देत नाही आम्हाला." मग ते आतल्या भिक्षूंना म्हणाले, "लोण्याचं भांडं घ्या. ढग विरळ झाला की त्याला शोधायला जायचं आहे. जखम उघडी राहता कामा नये."

संध्याकाळ व्हायच्या आधी पात्रावर चवरी ढाळायची कुंदकाची पाळी आली. पात्राची खोली लहान होती. मधे दगडी ओटा, ओट्यावर ते काळपट मातीचे भांडे, कडेला एक कपचा उडालेला. एक दिवा. खिडकीबाहेर पांढरे.

"तुझी चवरी?" स्थविरांनी विचारले.

"नाही, भन्ते. मी चवऱ्या बांधतो, आणि रिकाम्या हाताने आलो."

"मग हाताने घाल."

कुंदक ओट्यापाशी उभा राहिला आणि तळहाताने पात्राला वारा घालू लागला. बोटे अजून पुरती सरळ होत नव्हती. खोलीत माशी नव्हती, चिलट नव्हते. म्हातारीचे बोलणे आठवून त्याला हसू आले.

"भन्ते, इथे माशी तर एकही नाही. मग वारा कशाला?"

"माश्या असत्या तर तुझं सगळं लक्ष माश्यांकडे गेलं असतं," स्थविर म्हणाले.

तो वारा घालत राहिला. हात पुढे जाई, मागे येई. दिव्याची ज्योत त्याबरोबर किंचित कलंडे आणि पुन्हा उभी राही. खिडकीतून ढगाचा एक पदर आत आला, पात्राभोवती फिरला आणि विरून गेला. कुंदकाला वाटले, आपण पात्राला नाही, सोमिलाच्या कपाळाला वारा घालतो आहोत. मग वाटले, चमराच्या तुटल्या शेपटीला घालतो आहोत. मग कोणाला घालतो आहोत हे त्याला सांगता आले नसते. वाऱ्याबरोबर एक गोष्ट सोडायची असते, हे त्याच्या लक्षात होते, पण सोडण्याजोगे त्याच्यापाशी काही शिल्लक नव्हते. पाळी संपल्याचे स्थविरांना त्याच्या खांद्याला हात लावून सांगावे लागले.

ढग निघून गेल्यावर भिक्षूंना चमर खिंडीत सापडला. या वेळी त्याने लोणी लावू दिले. उतरताना कुंदकाने वाटेवर रोवलेले काटे एकेक करून उपटले. त्यांत अडकलेले केस वाऱ्याने आधीच नेले होते.

कुंदक घरी पोचला तेव्हा सोमिला अंगणात बसून धान्य निवडत होती. ताप उतरला होता. कुंदक पिंगाच्या वस्तीत पोचायच्या पुष्कळ आधी, वाटेवर असतानाच तो उतरला होता, असे धाकट्या बहिणीने सांगितलेल्या दिवसावरून त्याला कळले. कळप दुसऱ्या चमराच्या मागे चालू लागला. पांढऱ्या शेपटीचा चमर विहाराभोवतीच्या कुरणात एकटा चरत असे, आणि ढग उतरला की खिंडीच्या तोंडाशी येऊन उभा राही. त्याची शेपटी धरून त्यानंतर किती यात्रेकरू वर आले, ते विहारात कोणी लिहून ठेवले नाही. कुंदकाने नंतर चवऱ्या बांधल्या त्या आपोआप गळलेल्या केसांच्याच, आणि त्या वर्षभरात झडत.

एका वर्षावासात ही गतकथा भिक्षुसंघाला सांगून झाल्यावर शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, तिचा मेळ घातला. त्या वेळचा चवऱ्या बांधणारा कुंदक म्हणजे आताचा भिक्षू वप्पिल. सोमिला म्हणजे उपासिका नंदुत्तरिका, आणि तिची बहीण आजही तिची बहीणच. पेज देणारी पिंगा म्हणजे विहाराच्या दाराशी फुले विकणारी वृद्धा शिखा. घंटा वाजवणारे आत्मगुप्त म्हणजे स्थविर सोमदंत. आणि पांढऱ्या शेपटीचा चमर म्हणजे मीच. ज्यात जीव अडकतो ते स्वतःहून दुसऱ्याच्या हाती देणे, ही दानपारमिता.

कथा संपली तेव्हा भिक्षू वप्पिल निर्वाणाच्या मार्गाची पहिली पायरी चढून स्रोतापन्न झाला.